झाकलेला व्हाळ आणि नाथकाकांची शाळा

माझं नाव आमच्या बाजारात फारसं कुणाला ठाऊक नाही. पण "गटारबाय खंय रावता?" असं विचारून बघा, पोस्टमनपासून पाव विकणाऱ्या पोदेरापर्यंत कुणीही बोट करून घर दाखवील. सरकारी नोकरीत तीस वर्षं सिव्हिल इंजिनिअर होते. रस्ते केले, दोन शाळांच्या इमारती उभ्या केल्या, माझ्या माहेरच्या पेडणे तालुक्यात एक छोटा पूल बांधला. तो अजून उभा आहे, पण त्याचं कुणाला काही नाही. शेवटची दहा-बारा वर्षं पावसाच्या पाण्याचा निचरा बघितला आणि जन्माची गटारबाय झाले. एका लग्नाच्या पत्रिकेवर एकाने तसंच नाव घालून पाठवलं, आणि वर "प्रेमानं लिहिलंय हां" म्हणाला.

या अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, तुमच्या क्षेत्रातले समाधानाचे क्षण लिहा." अहो, गटारात कसलं समाधान? गटार नीट वाहत असेल तर ते कुणाच्या नजरेला येत नाही, आणि नजरेला आलं की समजावं काहीतरी बिघडलंय. तीस वर्षांत "मॅडम, यंदा पाणी छान गेलं" असं सांगायला एक माणूस आला नाही. माझ्या टेबलासमोर जो आला तो गुडघ्यापर्यंत भिजून आणि तोंडाचा पट्टा सोडूनच आला. तेव्हा समाधान वगैरे विसरा. जे झालं ते सांगते.

आधी धंदा समजावून सांगते, कारण शिकलेल्या माणसांनासुद्धा तो कळत नाही. गटारं दोन प्रकारची. एक घरातल्या सांडपाण्याचं, दुसरं पावसाच्या पाण्याचं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध येता कामा नये. आपल्याकडे हॉटेलवाला स्वयंपाकघरातला तेलकट पाइप पावसाळी गटारात सोडतो आणि वर मलाच विचारतो, "मॅडम, वास कसला येतो हो?" पावसाच्या पाण्याला तीनच गोष्टी लागतात. उतार, जायला जागा आणि वाटेत कुणी आडवं न येणं. बस्स. यासाठी इंजिनिअर कशाला, असं तुम्हाला वाटेल. इंजिनिअर लागतो तो आडव्या येणाऱ्या माणसांसाठी.

आणि माणसं कशी आडवी येतात म्हणता! मोरजीला एका साहेबांनी भातशेताच्या खोलगटात बंगला बांधला. चार महिने पाणी जिथे साठतं नेमक्या तिथे. पहिल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले आणि हिंदीत विचारू लागले की हे पाणी इथे का येतं. मी म्हटलं, पाणी इथे पहिल्यापासून येतं, तुम्ही नंतर आलात. त्यांनी माझी तक्रार केली, मी उद्धट बोलते म्हणून. बोलते, खोटं कशाला सांगू? पाळीकडचे एक शेतकरी होते. खाणपट्ट्यातला लाल गाळ पावसात वाहून त्यांच्या पाटात बसायचा. ते दर सोमवारी बाटलीतून लाल पाणी घेऊन यायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. त्यांच्यावर मात्र मी कधी चिडले नाही. पाट दोनदा उपसून दिला, तिसऱ्यांदा फाइल अडली, आणि बाटल्या येतच राहिल्या.

बाजारातल्या दुकानदारांची तऱ्हा आणखी वेगळी. एकाच्या दुकानात पाणी शिरलं की तो पायरी वीतभर उंच करतो. मग शेजारी दीड वीत करतो. असं करत करत सगळा बाजार उंच होतो आणि जो उंच करू शकत नाही त्याच्या घरात सगळ्यांचं पाणी जातं. आमच्या बाजारात तो माणूस म्हणजे नाथकाका.

आमचं गाव गोव्यातलं, डिचोली तालुक्यातलं. गाव म्हणा, शहर म्हणा, जवळच्या साखळी गावासारखंच, आठवड्याच्या बाजाराचं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. बाजाराच्या तळाला, सगळ्यात सखल जागी नाथकाकांची गणपतीची शाळा. आमच्याकडे गणपती करतात त्या जागेला चित्रशाळा म्हणतात, नुसतं शाळा म्हटलं तरी कळतं. रीत अशी की नागपंचमीच्या सुमारास प्रत्येक घर आपला लाकडी पाट शाळेत नेऊन देतं. पाटाखाली खडूने घराचं नाव असतं. त्याच पाटावर त्या घराचा गणपती घडतो, सुकतो, रंगतो आणि चवथीला घरी येतो. नाथकाकांकडे दीडशेच्या वर पाट येत, आमच्या घरचाही. सगळे मातीचे, न भाजलेले. अशा मूर्तीला पाणी लागलं की पुन्हा चिखल. शाळेच्या मागून व्हाळ, म्हणजे ओढा, वाहायचा आणि पूर्वी तो सगळं पाणी मुकाट्यानं घेऊन जायचा.

मग बाजाराचा पुनर्विकास आला. नवी दुमजली मंडई, मध्ये फरसबंदी चौक, गाड्या लावायला जागा. नकाशे करायला बाहेरून एक सल्लागार आला. पोरगा हुशार, पण त्याने पाहणी केली मे महिन्यात! मे महिन्यात आमच्या व्हाळात लोक स्कूटर लावतात आणि मिरच्या सुकवतात. त्याने नकाशावर लिहिलं, 'जुना कोरडा नाला, वापरात नाही.' आणि त्या जागी दोन पाइप दाखवले, माझ्या कमरेएवढे. मी कपाळाला हात लावला.

"अहो, हा व्हाळ आहे. आषाढात येऊन बघा."

"मॅडम, आमच्या हिशोबाने पाइप पुरेसे आहेत."

"तुमचा हिशोब पावसाला कोण वाचून दाखवणार, तुम्ही की मी?"

भांडले. महिनाभर भांडले. आषाढात त्या पोराला हाताला धरून व्हाळावर नेलं. त्याच्या बुटात पाणी गेलं तेव्हा हिशोब बदलला. पाइपांच्या जागी पूर्ण रुंदीचा काँक्रीटचा चौकोनी मार्ग मंजूर झाला, वर स्लॅब, ठरावीक अंतरावर झाकणं आणि पाणी जिथून आत शिरतं त्या तोंडावर लोखंडी जाळी. जाळीच्या दोन गजांत चार बोटांची फट. पालापाचोळा आणि लाकूडफाटा अडावा, पाणी जावं. जाळी ही फार मोठी गोष्ट आहे बरं का. उघड्या व्हाळात काही अडकलं तर दिसतं, कुणीही काठीने ढकलतो. झाकलेल्या व्हाळात अडकलं तर अंधारात अडकतं.

काम चालू असताना नाथकाका रोज यायचे. अंगात मातीने माखलेला बनियन, कानावर ब्रश. स्लॅबवर उभे राहून विचारायचे, "बाय, हें सगळें झाकलें. पाणी माझ्या शाळेंत येवचें ना मगो?"

"नाही येणार, काका. शब्द देते."

"बघ हां. देवाचीं कामां हीं."

"काका, दिला म्हटलं ना शब्द!"

असा शब्द इंजिनिअरने कधी देऊ नये. 'शक्यता कमी आहे' असं म्हणावं. पण तीस वर्षांत एक लढाई जिंकले होते, चढली होती मला.

पुढे चवथ आली, व्हाळ झाकल्यानंतरची पहिली. आमच्या बाजारातल्या घरांची जुनी रीत अशी की मूर्तीचं विसर्जन नदीवर, पण पत्री, फुलं आणि माटोळी व्हाळात. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली फळं, नारळ, सुपारीचे घड, वेली, सगळं काथ्याने बांधतात, ती माटोळी. व्हाळाच्या जुन्या पायऱ्या होत्या तिथेच आता माझी जाळी. लोकांनी सवयीने माटोळ्या आणून तिथेच सोडल्या, आणि जाळीने आपलं काम केलं. सगळं अडवलं. दुपारपर्यंत ढीग झाला. कुत्री फुलं ओढू लागली, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय पडू लागले, वर पाऊस.

गल्लीतल्या बायका आमच्या दारात आल्या. त्यांच्या पुढे आमच्याच सासूबाई. सगळा बाजार त्यांना आई म्हणतो. ऐंशी उलटलेल्या, पण आवाज खणखणीत.

"गो, देवाचें हें असें कुत्र्यांच्या पायांखाला? तुला बघवतं?"

"आई, जाळी आहे ती. ती अडवणारच."

"दोन दिवस काढ. चवथीपुरती. मग बसय परत."

मी नाही म्हणायला हवं होतं. ठेकेदाराला नाही म्हणाले, सल्लागाराला नाही म्हणाले, एका मोठ्या साहेबांना तोंडावर नाही म्हणाले. पण तो ढीग मलाही बघवत नव्हता. मी काही नुसती इंजिनिअर नाही, त्या गल्लीतली सूनही आहे. बाजूला टोपली ठेवून, दोन माणसं लावून माटोळ्या उचलून नदीवर नेता आल्या असत्या. तेवढं डोकं चालवलं नाही. मंडईच्या कामावर बेळगावकडचा शिवाप्पा मुकादम होता, त्याला बोलावलं. त्याने पाना आणून जाळी काढली. काढताना एकदा म्हणाला, "बाई, हे सगळं आत जाईल की."

"जाऊ दे. व्हाळ मोठा आहे," मी म्हटलं.

दोन दिवस सगळ्या बाजाराने माटोळ्या आत सोडल्या, आमची मी माझ्या हाताने सोडली. चौकट मोडून दोन तुकडे केले एवढीच काय ती अक्कल. तिसऱ्या दिवशी जाळी परत बसली आणि मी ते विसरून गेले.

पुढच्या वर्षी पावसाआधी नेहमीप्रमाणे साफसफाई केली. झाकणं उघडली, गाळ काढला, दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून बघितलं. नव्या मंडईखाली व्हाळाला एक वळण आहे, तिथे माणूस आत जात नाही. पण पाणी सोडून बघितलं तर सुळसुळ वाहत होतं. माझा जीव भांड्यात पडला. जाळं होऊन बसलेल्या लाकूडकाथ्यातून थोडं पाणी आरामात जातं, हे मी नोकरीला लागणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला शिकवलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

नागपंचमी झाली. पाट शाळेत गेले. आणि चवथीला पंधरवडा राहिला असताना एका दुपारी पाऊस लागला. वारा नाही, गडगडाट नाही, नुसता सरळ उभा पाऊस. अडीचच्या सुमारास नाथकाकांचा फोन.

"बाय, पाणी मागल्यान येता."

"मागून कसं येईल काका? मागे तर व्हाळ आहे."

"व्हाळांतल्यानच येता गो! झांकण उसळून येता!"

मी छत्रीसुद्धा उघडली नाही. पोचले तेव्हा शाळेमागचं झाकण पाण्याच्या जोराने बाजूला पडलं होतं आणि पाणी मागच्या दाराने आत शिरत होतं. अजून घोट्याखालीच होतं, पण चढत होतं. खालच्या फळीवरचे गणपती जमिनीपासून हातभर उंच. नाथकाका मधोमध उभे. ओरडत नव्हते, रागावत नव्हते, नुसते माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

वर न्यायचे तर कुठे? शेजारी नवी मंडई, कोरडी ठणठणीत, उद्घाटन व्हायचं म्हणून कुलपात. तेवढ्यात शिवाप्पा धावत आला.

"शिवाप्पा, किल्ली?"

"साहेबांकडं हाय. फोडू काय?"

"फोड. मी सांगितलं म्हणून सांग."

त्याने पहारीच्या एका फटक्यात कुलूप उडवलं. एव्हाना बाजारात बोंब झाली होती. लोक धावत आले, पन्नास-साठ तरी असतील. मला वाटलं, सुटलो, एवढ्या हातांनी अर्ध्या तासात सगळं वर जाईल.

पण नाही. आमचे लोक आत शिरले आणि काय करू लागले ठाऊक आहे? पाट तिरपा करून खालचं नाव वाचू लागले! आपलं नाही म्हटलं की ठेवला खाली, पुढचा तिरपा केला. जो तो आपला गणपती शोधतोय. एकाला आपला सापडला तो दोघांना हाका मारून तेवढाच घेऊन गेला, आणि ज्याने नेला तो परत येईना. वर जाऊन आपल्या गणपतीजवळ राखण करत उभा! एक गृहस्थ, एरवी सभेत माणुसकीवर भाषण करणारे, दुसऱ्याचा पाट ओलांडून आपल्याकडे गेले. दाराशी गर्दी, आत गोंधळ, पाणी वाढतंय. ओल्या मातीची मूर्ती अशी तिरपी करत नाहीत हो. दोघांचे हात आणि एकाची सोंड तिथेच गेली.

माझा तोल गेला. "नावं वाचू नका! समोर आहे तो उचला! कुणाचाही असो!"

"बाय, पूण आमचो खंयचो तें कळूंक जाय न्हय?" एकजण मलाच विचारतो.

"तुमचा बुडणार आणि त्यांचाही बुडणार! उचला म्हणते ना!"

पालथ्या घड्यावर पाणी. कुणी ऐकेना. आणि खरं सांगायचं तर मी ओरडत होते तेव्हा माझीही नजर दोनदा मागच्या जनेलाकडे, खिडकीकडे, गेली. आमचा पाट तिथे, खालच्या फळीवर होता.

शेवटी काम केलं ते शिवाप्पाच्या माणसांनी. बेळगाव, कोल्हापूरकडची दहा-बारा माणसं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, त्या चिखलातसुद्धा, आणि दारापासून मंडईच्या जिन्यापर्यंत रांग धरली. त्यांचा तिथे एकही पाट नव्हता. त्यांना सगळे गणपती सारखेच. पहिला पाट ह्याच्या हातातून त्याच्या हातात, तिरपा न करता, हळू, "सावकाश, सावकाश" म्हणत. ते बघून दोघेतिघे आमचे लाजून रांगेत उभे राहिले, मग आणखी काही. नाथकाका आत एकेक मूर्ती सोडवून देत होते. साडेचार-पाचपर्यंत बहुतेक वर गेले.

बहुतेक. रांग दाराकडून सुरू झाली आणि पाणी मागून आलं होतं. मागच्या जनेलाखालच्या अकरा पाटांपर्यंत पोचेपर्यंत पाणी फळीच्या वर गेलं. नाथकाकांनी एकाला हात घातला तर हातात नुसती माती आली. अकरापैकी एक आमचा.

दुसऱ्या दिवशी उघडीप झाली. शिवाप्पाची माणसं दोरी लावून वळणापर्यंत आत गेली आणि एकेक ओढून बाहेर काढू लागली. चौकटींच्या पट्ट्या, काथ्याचे गुंते, नारळाची सोडणं, वाळलेल्या वेली आणि त्या सगळ्यावर वर्षभराचा गाळ, पोत्यागत घट्ट. शिवाप्पाने चौकटीची एक पट्टी माझ्या पायाशी आणून ठेवली आणि पुन्हा कामाला लागला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

कार्यालयात बैठक झाली. कुणी म्हणालं अतिवृष्टी लिहा, कुणी म्हणालं नागरिकांनी टाकलेला कचरा लिहा. मी अहवालात लिहिलं, 'प्रवेशमुखावरील अटकाव काही काळ उपलब्ध नसल्यामुळे.' बघा, कसं वाक्य आहे! जाळी जणू आपल्या पायांनी कुठे फिरायला गेली होती. तो अहवाल मंजूर झाला. आता तिथे जाळी कायमची जोडलेली आहे, कुणालाही काढता येत नाही, आणि माटोळ्यांसाठी बाजूला कठडा बांधलाय. चवथीत तिथून माटोळ्या उचलून नदीवर जातात. हे सगळं आदल्या वर्षी एका दुपारच्या विचारात सुचलं असतं.

नाथकाका शाळेत अकरा रिकामे पाट धुऊन ओळीने उभे करून बसले होते.

"काका, नवे होतील?"

"ह्या पावसांत सुकचे नात. आणि ओल्या मातीवर हांव रंग लावचो ना." मग एक पाट सरळ करत म्हणाले, "कागदावर काढून देतां. कांय घरांत पूर्वापार कागदाचोच गणपती पुजतात. पूण त्या घरांक सांगपाक कोण वतलो? शब्द तुजो आसलो, बाय. तूंच सांग."

गेले. एकेका दारात उभी राहून सांगितलं, शाळेत पाणी शिरलं, तुमचा गणपती वाचला नाही, यंदा नाथकाका कागदावर काढून देतील. मला वाटलं होतं लोक तोडून खातील. कुठलं काय! एका घरात म्हातारी रडली, पण बाकी सगळ्यांनी पावसाला शिव्या दिल्या, सरकारला दिल्या, त्या सल्लागाराला दिल्या. "तूं कितें करतलीस गो, तूं तर भिजून धांवलीस," म्हणाल्या. प्रत्येक घरात चहा. एका घरात गरम उंडे, म्हणजे आमचे गोल पाव. जाळीचं माझ्या ओठांवर यायचं आणि समोर कप यायचा. दहा घरं झाली आणि मी ते कुठेच सांगितलं नाही.

अकरावं घर आमचं. आई जनेलाशी बसून वाती वळत होत्या. मी चप्पल न काढता दारातच उभी राहिले. आईंना मी काय फसवणार?

"आई, आपला गणपती गेला. जाळी काढली होती म्हणून गेला. ती मी काढली होती."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे, मी काढ म्हटली ती?"

"हो."

"मी काढ म्हटली. मी काय इंजिनिअर गो? काढली तर काय होतं, तें तुला कळत होतं?"

"कळत होतं."

"मग कित्याक काढलीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

आईंनी वातींचं ताट बाजूला सारलं. "सून म्हणून आलीस तेव्हापासून माझं एक ऐकलं नाहीस. नोकरी सोड म्हटलं, ऐकलं नाहीस. पेडण्याच्या कामाला जाऊ नको म्हटलं, गेलीस. आणि जन्मात एकदा ऐकलंस, तें हें?"

हसावं की रडावं तेच कळेना. रडले. त्यांनी रडू दिलं, जवळ घेतलं नाही. मग म्हणाल्या, "बाकीच्या धा घरांत सांगितलंस हें?"

"नाही. त्यांनी चहा दिला."

"मग परत जा. जाळी तू काढलीस, तें सांग. काढ म्हणून कोणी सांगितलं तेंही सांग. माझं नांव घे, लपवू नको."

मी उंबऱ्यावरूनच मागे फिरले. पहिल्या घरातली बाई माझं तोंड बघून पुन्हा आत वळली, चहाचं आधण ठेवायला.

"ठेवू नको," मी म्हटलं. "आधी ऐक."